कव्हरावरचा अंगठा

त्या घरात नियम म्हणावा असा एकच होता, आणि तो आईचा होता. घासून चकाकी आलेल्या इंजिनाच्या कव्हराला उघडा हात लावायचा नाही. घराला आग लागली तरी आधी हाताला फडकं गुंडाळा, मग कव्हर उचला आणि मग पळा. कारण ॲल्युमिनियमसारखा मानी धातू दुसरा नाही. दिवसभर घासून त्याला आरशासारखं करावं, आणि कुणी घामेजलेलं बोट नुसतं टेकवावं, की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे बोटाएवढा धुरकट डाग उभा. पुसून जायचं नाव नाही. पुन्हा पेस्ट, पुन्हा फडकं, पुन्हा मनगटाचे हाल.

आणि हा नियम रोज मोडणारा माणूसही घरात एकच होता, तो म्हणजे दादा. काम पुरं झालं की कव्हराच्या बरोबर मधोमध अंगठा दाबल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "झालं की नाही ते बघतो गं," म्हणायचा. डोळे कशाला दिलेत मग? आई आतून ओरडायची, "मेल्या, लावलास अंगठा?" आणि तो हसत हसत पुन्हा फडकं उचलायचा. तो शब्द आईच्या तोंडात इतका बसलेला होता, की दादा गेल्यावर तिला तो गिळता गिळता नकोसं झालं. शेजारच्या मांजरालासुद्धा ती पुन्हा कधी 'मेल्या' म्हणाली नाही.

घरात माणसं तीनच. आई, दादा, आणि दादाच्या पाठची बहीण. तिला सगळे धाकटी म्हणत. आता थोरलं कुणी उरलं नव्हतं, तरी ती धाकटीच राहिली.

काम चालायचं मागच्या खोलीत. खोली कसली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये उरलेली जागा. खिडकीखाली लाकडी बाक, बाकाखाली पाण्याची बादली, आणि भिंतीला रॉकेलचा जो वास एकदा चिकटला तो कायमचा. गॅरेजवाले काका जुन्या मोटारसायकलींची कव्हरं पाठवायचे. इंजिनाच्या उजवीकडचं क्लच कव्हर, डावीकडचं मॅग्नेट कव्हर, कधी वरचं हेड कव्हर. मशीनच्या फिरत्या चाकावर बफ मारला तर चुटकीसरशी चमकतं, पण कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, आणि जुन्या गाड्यांचे मालक म्हणजे नवऱ्यामुलापेक्षा जास्त रुसणारे लोक. त्यांना हाताचंच काम लागायचं. दादा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा. जाड पेपर उभा, त्याच्यापेक्षा बारीक आडवा, पुढचा पुन्हा उभा, म्हणजे आधीच्या पेपराचे ओरखडे मागे राहत नाहीत. शेवटचा हात आईचा. पांढरी पेस्ट, जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि घासता घासता धातूतून निघणारं ते काळंकुट्ट पाणी. सगळ्यात शेवटी चिमूटभर मैदा भुरभुरवून पुसलं, की कव्हरात खिडकीच्या गजांसकट अख्खी खिडकी दिसायची.

दादा गेला तो कव्हरं पोचवायला जाताना. एका गाडीची दोन्ही कव्हरं, क्लचचं आणि मॅग्नेटचं, त्याने फडक्यात बांधून पिशवीत घातली, पिशवी पोटाशी घेतली आणि स्कूटर काढली. वळणावर कुणीतरी ऑइल सांडून ठेवलं होतं. डोक्याला मार लागला. काका पिशवी घेऊन घरी आले आणि त्यांनी ती आईसमोर ठेवली. आईने पिशवी उघडली, फडकं सोडलं, दोन्ही कव्हरं उलटीपालटी करून पाहिली. एक ओरखडा नव्हता.

"यांना काही झालं नाही," ती म्हणाली.

मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, ती झालीच. माणसं येऊन गेली, रडून गेली, समजावून गेली. आई रडली नाही, बोलली नाही. भरवलं तर गिळायची, उठवलं तर उठायची, सोडलं की पुन्हा भिंत. ती दोन कव्हरं बाकावर तशीच पडून राहिली. ज्याची होती त्याला काकांनी दुसरी कुठूनतरी मिळवून दिली. ही परत मागायची त्यांची छाती झाली नाही.

धाकटीच्या नाकी नऊ आले. स्वतः रडायला तिला वेळ कुठे होता? एकदा संध्याकाळी ती आईसाठी लिंबू पिळून साखर-मिठाचं पाणी करत होती. तांब्या ठेवायला बाकावर जागा हवी म्हणून तिने त्याच ओल्या हाताने क्लच कव्हर बाजूला सरकवलं. डोकं ठिकाणावर होतंच कुठे तिचं!

सकाळी आई न्हाणीघराकडे जायला उठली. भिंतीला धरून धरून मागच्या खोलीपर्यंत आली आणि थांबली. धाकटी धावली, तिला वाटलं चक्कर आली. आई कव्हराकडे बघत होती. चकचकीत पृष्ठभागावर बरोबर मधोमध अंगठ्याचा धुरकट डाग पडला होता.

"आला होता," आई म्हणाली.

धाकटीच्या अगदी जिभेवर आलं होतं, अगं माझाच हात तो, कालचा, लिंबाचा. पण आई बाकाशी बसली. तिने पेस्टची डबी उघडली, फडकं शोधलं. "आलास तो आलास, आणि काम वाढवून ठेवलंस," असं पुटपुटत तिने घासायला सुरुवात केली. डाग गेल्यावर हात धुऊन म्हणाली, "भूक लागली गं."

आता सांगा, अशा वेळी कुणाच्या तोंडून खरं निघेल? धाकटी स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला, आणि तोंडात ओढणी कोंबून इतकी रडली की दूध उतू गेलेलं तिला कळलं नाही.

पुढचे काही दिवस बरे गेले. मग आई पुन्हा मंदावली. घास चिवडायला लागली, भिंतीकडे वळायला लागली. कव्हरं स्वच्छ होती ना! तेव्हा धाकटीने ते मुद्दाम केलं. आई रोज संध्याकाळी शेजारच्या शिवणवाल्या मावशींकडे सुती चिंध्या आणायला जाऊ लागली होती, तेवढा वेळ पुरे होता. पहिल्यांदा तिने कोरडा अंगठा दाबला, पण डाग नीट उठेना. मग तिला लिंबू आठवलं. लिंबाच्या फोडीवर मीठ टाकायचं, त्यावर अंगठा चोळायचा आणि कव्हरावर दाबून धरायचा. सकाळी डाग असा यायचा की रेषा मोजून घ्याव्यात. पाप वाटायचं तिला. पण सकाळी आई "आलास का रे?" म्हणत ताडकन उठायची, आणि ते बघितलं की पाप-बिप सगळं संध्याकाळपर्यंत लांबणीवर पडायचं.

आई सावरली. नुसती सावरली नाही, तिने काम हातात घेतलं. ती जाड पेपरही स्वतःच मारू लागली. काका नवी कव्हरं घेऊन आले, तयार झालेली घेऊन गेले, आणि दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, पोराच्या वरताण हात आहे तुमचा. इतकी वर्षं लपवून ठेवला होतात की काय?"

"तो सांगतो तसं करते मी," आई म्हणाली.

काका हसले. मग हसायचे थांबले आणि त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने चहाचे कप उचलले.

कारण आई आता दादाशी बोलायची. आधी पुटपुटायची, मग चांगलं मोठ्याने. त्या दोन कव्हरांना बाकाच्या टोकाला, घडी घातलेल्या फडक्यावर, कायमची जागा झाली होती, आणि इतर कामं करता करता आई त्यांच्याकडे बघून गप्पा मारायची. पाण्याची मोटर बिघडली, मावशींच्या सुनेला दिवस गेलेत, कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकान वाढवलं. इतपत धाकटीला चाललं असतं. माणसं देवाशी बोलतात, झाडाशी बोलतात. ती घाबरायची ती वेगळ्या कारणाने. आई बोलून थांबायची. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच थांबायची, मग मान हलवायची आणि पुढचं बोलायची. मधूनच हसायची. धाकटी स्वयंपाकघरात भाजी चिरत असायची आणि तिची सुरी त्या थांबण्यात आपोआप थांबायची. तीसुद्धा कान देऊन ऐकत होती, हे तिला उशिरा लक्षात आलं, आणि तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

त्याच सुमारास धाकटीला नोकरी लागली. चष्म्याच्या भिंगांचा कारखाना होता, एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर. भिंग उजेडात धरायचं आणि ओरखडा आहे की नाही ते सांगायचं, असं काम. परीक्षेला आलेल्या बाकीच्या मुली भिंगं डोळ्यांशी नेऊन फिरवत बसल्या, आणि हिने लांबूनच एकेक बाजूला काढलं. या घरात वाढलेल्या मुलीला ओरखडा दिसणार नाही तर काय! राहायची सोय होती. तिथे वास नसलेली खोली असणार होती, खिडकीखाली बाक नसणार होता, आणि संध्याकाळी लिंबू कापायचं ते फक्त जेवणासाठी. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की ते मनातल्या मनात म्हणतानाही तिला लाज वाटायची. अर्धा पगार ती घरी पाठवणार होती, मावशी दोन वेळा डोकावणार होत्या, काकांनी तर परस्पर सांगून टाकलं होतं की वहिनींची काळजी माझ्याकडे. राहिला होता फक्त आईचा होकार.

आईने सगळं ऐकून घेतलं, हातातलं कव्हर उलटं करून खाचेतली पेस्ट काडीने काढली. "बघू," म्हणाली. "विचारते."

धाकटीला वाटलं, मामाला विचारेल. मामा हो म्हणणाराच होता. तिने बॅग कपाटावरून खाली काढली, झटकली आणि उन्हात ठेवली. संध्याकाळी आई चिंध्या आणायला गेली, तेव्हा तिने नेहमीप्रमाणे लिंबू कापलं, अंगठा दाबला आणि हात धुतला. मनात गाणं चाललं होतं तिच्या.

सकाळी आई तिच्या अंथरुणाशी येऊन बसली. चेहरा उजळलेला. असा चेहरा धाकटीने दादा असतानाच पाहिला होता.

"तो नाही म्हणाला," आईने तिच्या केसांतून हात फिरवला. "मला वाटलं होतं हो म्हणेल. तुझे लाड करायचा ना. पण नाही म्हणाला बघ."

"कोण?"

"कोण काय? दादा. काल चिंध्यांना जायच्या आधी मी त्याला सांगून गेले होते. हिला जाऊ देऊ का? जाऊ दे म्हणत असशील तर क्लच कव्हरला हात लाव, राहू दे म्हणत असशील तर मॅग्नेटला. मॅग्नेटला लावला त्याने. चांगला दाबून लावलाय."

धाकटी उठून मागच्या खोलीत गेली. मॅग्नेट कव्हरावर तिचा अंगठा होता. स्वतःच्या हाताने तिने स्वतःचा पाय कापून ठेवला होता, आणि वर मीठही चोळलं होतं.

ती तशीच गॅरेजमध्ये गेली. काका एका गाडीखाली आडवे होते. ते बाहेर येईपर्यंत ती थांबली नाही, त्यांच्या पायांकडे बघूनच तिने सगळं सांगून टाकलं. लिंबू, मीठ, अंगठा, क्लच, मॅग्नेट. मग काका सरकत बाहेर आले आणि तोंडाला काळं लागलेलं तसंच घेऊन बसून राहिले.

"अगं बाई," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या नावाने अंगठा मारतेस तू? कोर्टात देखील याला शिक्षा आहे."

"काका, चेष्टा नको."

"चेष्टा करत नाही, घाबरलोय मी. मला वाटायचं खरंच..." त्यांनी दादा जिथे बसून चहा प्यायचा त्या टायरकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. "सांगून टाक. रडेल, चार दिवस जेवणार नाही. पण सांग."

"आणि पुन्हा भिंतीकडे वळली तर?"

काकांनी हात पुसायला फडकं घेतलं आणि हात पुसतच राहिले.

धाकटीने सांगितलं नाही. आईच्या डोळ्यांदेखत आपला भाऊ दुसऱ्यांदा मारायचा, हे तिच्याने होईना. तिने दुसरी युक्ती काढली, आणि ती युक्ती म्हणजे शुद्ध मूर्खपणा होता, पण बुडणाऱ्याला त्या वेळी कोण सांगणार. तिने ठरवलं, दादाचं मत बदलायचं. संध्याकाळी आई गेल्यावर तिने क्लच कव्हरावर अंगठा असा दाबला, असा दाबला, की नख पांढरं पडलं. जाऊ दे, म्हणजे जाऊ दे. एकदा नाही, तीन ठिकाणी.

सकाळी मागच्या खोलीतून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, हुंदकाही नव्हता. घासताना पेपर मध्येच फाटावा तसा आवाज. धाकटी धावली. आई जमिनीवर बसली होती, क्लच कव्हर मांडीत घेऊन.

"तीनदा लावलाय गं," ती म्हणाली. "तीनदा."

"मग? म्हणजे जाऊ दे म्हणतोय ना मला?"

"तुझं काल झालं. तुझं कुठे विचारलं मी?" आईने वर पाहिलं. "मी त्याला विचारलं होतं, तुला तिथे करमतं का रे? करमत असेल तर मॅग्नेट, नसेल तर क्लच."

आई कव्हराला पोटाशी धरून पुढेमागे हलत होती. त्याला करमत नाही, माझ्या बाळाला करमत नाही, एकटं पडलंय ते, असं म्हणत होती. आता मात्र धाकटीच्याने राहवेना. तिने आईचे दोन्ही हात धरले. काळे झालेले, पेस्टने बुळबुळीत हात.

"आई, ऐक. तो मी लावला. सगळे मीच लावले. पहिल्या दिवसापासून. लिंबाने येतात ते डाग, मीठ आणि लिंबू. दादा येत नाही, आई. कुणीच येत नाही. तू भिंतीकडे तोंड करून मरायला लागली होतीस, म्हणून केलं मी. मला माफ कर. पण त्याला तिथे कसंही वाटत नाही, तो डाग माझा आहे."

बोलून झाल्यावर तिने डोळे मिटून घेतले. आई मारेल असं तिला वाटलं. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

आईचे हात शांत होते. "लिंबू मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "वास येतो की. आणि अंगठा तुझा आहे तेही ठाऊक आहे. त्याचा केवढा होता, तुझा केवढासा. आईला एवढं कळणार नाही होय?"

"कधीपासून?"

"पहिल्या सकाळपासून."

धाकटीला आधी राग आला, मग हसू आलं, मग कळेना काय येतंय. "मग 'आला होता' कशाला म्हणालीस? मग हे सगळं... बोलतेस कुणाशी?"

"त्याच्याशीच." आई तिला लहानपणी पाढे समजावताना बोलायची तशी बोलत होती, न चिडता. "अगं, त्याचा हात राहिलाय कुठे आता? मी स्वतः पाहिलं ना सगळं संपताना. यायचं झालं तर तो काय स्वतःचा हात घेऊन येणार? घरात जो हात आहे तोच घेणार. माझा घेतला असता, पण मी पडलेली होते. तुझा घेतला."

"मी लावते आई! मी ठरवून लावते!"

"लावतेस तू. कुठे लावायचा ते कोण ठरवतं?"

"म्हणजे?"

"परवा मॅग्नेटला का लावलास?"

धाकटीने तोंड उघडलं. उत्तर अगदी सोपं असणार होतं. सहज लावला, जवळ होतं म्हणून लावला, असलं काहीतरी. पण मॅग्नेट कव्हर जवळ नव्हतं. बाकाच्या या टोकाला क्लच कव्हर होतं, हाताशी. मॅग्नेटचं त्याच्या पलीकडे, भिंतीला लागून. तिथे अंगठा टेकवायला तिला क्लच कव्हरावरून वाकावं लागलं होतं, ओढणी कव्हराला लागू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरावी लागली होती. ते तिला स्वच्छ आठवत होतं. आणि त्याआधीच्या सगळ्या संध्याकाळी तिने जवळचंच धरलं होतं. मग त्याच दिवशी का? मनात तर गाणं चाललं होतं. ती आठवत गेली, आठवत गेली, आणि जिथे कारण असायला हवं तिथे तिला काहीच सापडेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

आईने मान हलवली. तशीच, उत्तर ऐकून घेतल्यावर ती हलवायची तशी. मग ती पदराने नाक पुसून क्लच कव्हरावरचे तीन डाग घासायला लागली.

पुढचे दिवस धाकटीने जायच्या तयारीत काढले. स्वतःला ती सारखी बजावत होती, योगायोग तो, दुसरं काय? नाणं उडवलं तर छापा नाहीतर काटा पडायचाच. भुताखेतांवर विश्वास ठेवायचं तिचं वय नव्हतं आणि शिक्षणही तसं नव्हतं. आईने अडवलं नाही. उलट बॅगेत कपडे भरायला मदत केली, बाजूच्या कप्प्यात सुई-दोरा ठेवला. पण घरात धाकटीचं एक विचित्र होऊन बसलं होतं. दोन कपांतला एक उचलताना तिचा हात अडायचा. दोन चपलांतली आधी कुठली घालायची इथे अडायचा. हा कप मीच निवडला ना? ती हाताकडे बघत राहायची. तो नेहमीचाच हात होता, लिंबू-मिठाने अंगठ्याची कातडी खरखरीत झालेला. त्यात तिला आपल्याखेरीज कुणी दिसत नव्हतं, आणि तरी ती त्याला आपला म्हणायला कचरत होती.

निघायच्या दिवशी संध्याकाळी काका स्टँडवर सोडायला गाडी घेऊन आले. आई म्हणाली, "बसा, चहा टाकते," तर ते आत यायला तयार होईनात, दारातच थांबले. त्यांनी त्या घरात पाऊल टाकणं सोडलं होतं.

"मी निघते आई," धाकटी म्हणाली.

"नीघ. मी कुठे अडवते? माझं काय ऐकायचं तुला." आईने आधण ठेवलं. "पण जाण्याआधी तुझं तू विचार त्याला. मी मध्ये आल्याने काही बिघडलं असेल. भाऊ तुझा आहे."

"मला कुणाला विचारायचं नाही."

"बरं," आई म्हणाली.

धाकटीने बॅग उचलली. मागच्या खोलीत तिची पाण्याची बाटली राहिली होती, तेवढी घ्यायला ती गेली. बाकावर दोन्ही कव्हरं होती, ताजी पुसलेली, मैद्याचा हात फिरवलेली. दोन्हींत दोन खिडक्या होत्या, आणि दोन धाकट्या, बॅग घेतलेल्या.

बाटली घेऊन निघून जाता आलं असतं. पण तसं गेलं असतं तर जन्मभर ती कुठल्याही दाराशी, कुठल्याही वळणावर विचार करत बसली असती, हे मी निवडलं का, आणि पुसलेल्या मॅग्नेट कव्हरावरचं दादाचं 'राहू दे' मनात तसंच राहिलं असतं. एकदाच हे मिटवून टाकू, असं तिने ठरवलं. तिने बॅग खाली ठेवली.

"हे जाणं," ती क्लच कव्हराकडे बघून म्हणाली. "आणि हे राहणं." आवाज स्वतःलाच ऐकू येणार नाही इतका बारीक. मग तिने लिंबू-बिंबू काही न घेता नुसता कोरडा हात पुढे केला. काम सरळ होतं. क्लच कव्हर हाताशी होतं, वीतभर अंतरावर. त्याला अंगठा टेकवायचा, बॅग उचलायची आणि बाहेर पडायचं. दादाने हेच सांगितलं म्हणायचं आणि त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

बाहेर काकांनी हॉर्न वाजवला. स्वयंपाकघरात चहा उकळत होता, आणि आई कुणाशीतरी बोलता बोलता थांबली होती.

हात मध्येच राहिला होता. धाकटीने जोर केला. खांदा दुखेपर्यंत केला. हात पुढे जात नव्हता, आणि मनगटापाशी, लहानपणी रस्ता ओलांडताना कुणी धरून ठेवावं तसं, गरम वाटत होतं. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. तिचे डोळे भरून आले. भीतीने नाही, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला, जिवंत माणसाचा येतो तसा, आणि त्याच्याबरोबर तितकीच आठवण आली.

"दादा, सोड ना," ती म्हणाली. "बस जाईल माझी. सोड ना रे."